ही चालू ठेवा

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही मेडिकलसमोर जरा वेळ उभे राहा. खोकल्याचा पेशंट येतो, तीन गोळ्या घेऊन जातो. गुडघेदुखीची म्हातारी येते, चार घेऊन जाते. दाढदुखीवाला गाल धरून येतो, त्यालाही चार. तिघांच्या पुड्या उघडून बघा. एक गोळी तिन्हींत सापडेल.

पित्ताची.

पित्ताची तक्रार तिघांपैकी एकाचीही नव्हती.

‘एवढी औषधं पोटात जाणार, पित्त होऊ नये म्हणून दिलीय.’ म्हणजे तीन गोळ्यांनी बिघडू नये म्हणून चौथी. मग त्या तिघींतली एखादी कमी केली तर? असं विचारणाऱ्याला आपल्याकडे पेशंट म्हणत नाहीत. आगाऊ म्हणतात.

चिठ्ठीवर तिचं नाव पॅन्टोप्राझोल. ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही तिची भावंडं. घराणं खानदानी आहे. लग्नातली पंगत झोडून आल्यावर येणाऱ्या ढेकरांसाठी त्याचा जन्म झालेला नाही. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला पडणारी जखम, म्हणजे अल्सर, भरून यावी म्हणून झालाय. आणि ते काम ही गोळी चोख करते. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर डॉक्टर मंडळी पुढचं वाचणार नाहीत.

तशीही वाचणार नाहीत. बाहेर शंभर पेशंट बसलेत.

पन्नास वर्षांपूर्वीच्या अल्सरवाल्याला विचारा. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, मध्ये अळणी भात. तेवढ्याने भागलं नाही तर सुरी. सर्जन जठराचा तुकडा काढत, नाहीतर आम्लाचा निरोप घेऊन जाणारी नस कापत. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन आलं आणि सुरीला पहिल्यांदा सुट्टी मिळाली. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल दिलं गेलं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात उतरलं. इकडे सत्कार, तिकडे वारसदार हजर. आपल्या राजकारणातसुद्धा एवढ्या लवकर होत नाही.

साध्या अल्सरसाठी पोट उघडायची वेळ आता क्वचितच येते. एवढ्या पोटांवरची सुरी टाळणाऱ्या गोळीपुढे माणसाने हात जोडावेत.

आपण जोडले. मग रोज सकाळी जोडतच बसलो.

आता गंमत बघा. आम्ल बंद करणारी ही गोळी स्वतः आम्लाला घाबरते. जठरात उघडी पडली तर तिथेच खराब होते, म्हणून तिला वरून लेप असतो. ती जठर ओलांडून आतड्यात विरघळते, रक्तातून फिरून परत जठराच्या पेशींत येते आणि आम्ल बाहेर टाकणारे पंप बंद करते. आपण काय करतो? ‘आज्जीला गिळवत नाही’ म्हणून लाटण्याने ठेचून पाण्यात कालवून देतो. लेप गेला, आता आज्जीच्या पोटात नुसती श्रद्धा.

पंप चालू असतील तेच ती बंद करू शकते, आणि पंप चालू होतात जेवताना. म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. आपल्याकडे ती चहाबरोबर, बिस्किटानंतर, बस सुटताना, नाहीतर रात्री उस्मानाबादी बोकडाचा रस्सा तीन वाट्या ओरपून छाती पेटल्यावर घेतली जाते. जिल्ह्याचं नाव बदललं तरी बोकडाचं तेच राहिलंय आणि रश्श्याचा झटकाही. पेटलेल्या छातीला ही गोळी तासाभरात विझवत नाही. तिचा पूर्ण जोर यायला दोन-चार दिवस लागतात. तोवर रस्सा पचलेला असतो आणि श्रेय गोळीला गेलेलं असतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

अल्सर भरायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. तेवढ्यापुरती ही गोळी. आता पारावर बसलेल्या कुठल्याही तात्यांना विचारा, ‘ही कधीपासून चालू आहे?’

‘थोरलीच्या लग्नापासून.’

थोरलीची पोरगी यंदा दहावीला आहे.

चालू कुणी केली? बार्शीच्या डॉक्टरांनी. कशासाठी? तेव्हा हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी बंद नाही केली? त्यांनी बार्शीची चिठ्ठी बघितली आणि खाली लिहिलं, ही चालू ठेवा. लातूरवाल्यांनी सोलापूरची चिठ्ठी बघितली. गावातल्या डॉक्टरांनी लातूरची बघितली आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी दिलीय, आपण कशाला हात लावायचा?

सुरू करायला एक पुरतो. बंद करायला चौघांनाही अधिकार नाही, म्हणे.

‘आम्ही बंद करून बघितली की! चार दिवसांत जाळ उठला छातीत. म्हणजे लागतीच ही गोळी.’ तात्यांचा हा पुरावा बिनतोड वाटतो. डेन्मार्कमधल्या काही डॉक्टरांना मात्र शंका होती: हा जाळ गोळी बंद केल्यानेच तर उठत नसेल? त्यांनी १२० धडधाकट माणसं घेतली, ज्यांना पित्ताचा कसलाही त्रास नव्हता. त्यातल्या निम्म्यांना इसोमेप्राझोल आठ आठवडे दिली आणि मग बंद केली. २००९ मध्ये निकाल छापून आला. बंद केल्यानंतर त्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असले त्रास सुरू झाले. ज्यांना सुरुवातीपासून नुसती पिठाची गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के.

पुन्हा वाचा. धडधाकट माणसं होती.

कारण साधं आहे. आम्ल दाबून ठेवलं की शरीर गप्प बसत नाही. गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आम्ल बनवणाऱ्या पेशींना आणखी कामाला लावतं. वरून गोळीचा हात असतो तोवर काही कळत नाही. हात काढला की सगळं एकदम उसळतं. ही उसळी काही आठवड्यांत ओसरते. ती सोसायची नसेल तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करायची, मग दिवसाआड घ्यायची, मग सोडायची. पण हे सांगायला दहा मिनिटं लागतात. ‘ही चालू ठेवा’ सांगायला दोन सेकंद.

तुमच्या आमच्या तालुक्याच्या ओपीडीत दहा मिनिटं कुणाकडे आहेत?

आता दुष्परिणाम. ते छापलेले असतात हो! माहितीपत्रकात, बारीक अक्षरात, इंग्रजीत. पण खोक्यात असतात दहा स्ट्रिपा आणि कागद एक. स्ट्रिप कात्रीने कापून तुम्हाला मिळतात चार गोळ्या. कागद खोक्यातच राहतो आणि एक्स्पायरीची तारीख उरलेल्या तुकड्यावर. तुमच्या हातात येतं अर्धं नाव. ‘पॅन्टो’. तेवढ्यावर संसार चालतो.

२०१९ मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनी सांगितलं की या घराण्यातल्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते हे छापा. क्वचित होतं, पण होतं. छापलं असेल. वाचलं कुणी? खोक्याने.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये हाडं मोडण्याबद्दल आणि २०११ मध्ये रक्तातलं मॅग्नेशियम कमी होण्याबद्दल बजावलं होतं. दोन्ही मुख्यतः दीर्घकाळ घेणाऱ्यांसाठी. आपल्याकडे दीर्घकाळ म्हणजे किती? थोरलीचं लग्न ते नातीची दहावी हे त्यात बसतं का?

सगळ्यात भारी साखळी बी-१२ ची. अन्नातलं हे जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं. घर माळकरी, मांस-अंडी बंद, म्हणजे बी-१२ ची आवक आधीच तोळामासा. त्यात साखरेची मेटफॉर्मिन, तीही बी-१२ खाली ओढते. वरून वर्षानुवर्षं पित्ताची गोळी. मग तळपायाला मुंग्या. मुंग्यांवर गोळी. त्या गोळीने पित्त होऊ नये म्हणून...

ओळखलंत.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांकडे वळू. ‘पित्ताच्या गोळीने किडनी फेल, मेंदू खलास, आजच फेका आणि हा काढा प्या’ असा मेसेज ज्याने तुम्हाला पाठवला, तो काढा विकतो की नाही तेवढं बघून घ्या. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७ हजारांहून अधिक हृदयविकाराचे रुग्ण होते. निम्म्यांना पॅन्टोप्राझोल, निम्म्यांना खोटी गोळी, सरासरी तीन वर्षं. हाडं मोडणं, किडनी बिघडणं, स्मरणशक्ती जाणं, यांत दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. पोटाचे संसर्ग तेवढे गोळीवाल्यांत थोडे जास्त. म्हणजे गोळी राक्षस नाही.

कुलदैवतही नाही.

आणि काहींनी ती मनाने सोडायची नाहीच. ज्याच्या अल्सरमधून एकदा रक्त गेलंय, जो हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेतो आणि वय पासष्टच्या पुढे आहे, ज्याला संधिवातापायी वेदनाशामक सुटत नाही, त्याच्यासाठी ही गोळी म्हणजे कुंपण आहे. काढ्याच्या नादाने त्याने ती फेकली आणि डांबरासारखी काळी शौचाला झाली, तर मेसेज पाठवणारा रक्त द्यायला येणार नाही. ज्याला नको त्याची थांबत नाही, ज्याला हवी तो मेसेज वाचून फेकतो. वाटप असं आहे.

मुळात अल्सर होतो कशाने? पारावर विचारा. टेन्शनने. सोयाबीनचा भाव पडला, पीकविमा आला नाही, कारखान्याचं बिल थकलं, की पित्त. खरं सांगायचं तर या जिल्ह्यात हे उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की ते खोटं असल्याचं वाईट वाटतं. अल्सरचे मोठे गुन्हेगार दोनच. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. दोन, वेदनाशामक गोळ्या.

जंतूची गोष्ट ऑस्ट्रेलियाची. पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो पेशंटच्या जठरातून काढून वाढवून दाखवला. कुणी ऐकेना. जठरातल्या आम्लात जंतू जगेलच कसा? १९८४ मध्ये मार्शलने त्या जंतूंचं पाणी सरळ पिऊन टाकलं आणि पोट बिघडवून घेतलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल. आपल्याकडे टँकरचं कसलंही पाणी पिऊन पोट बिघडवून घेणाऱ्यांना नोबेल सोडा, ओआरएसची पुडी मागून घ्यावी लागते.

हा जंतू असेल तर तपासणी करून, साधारण चौदा दिवस दोन-तीन औषधांबरोबर पित्ताची गोळी घेऊन तो संपवता येतो. जंतू गेला की अल्सर सहसा परत येत नाही. विषय मिटतो. पण तपासणी लिहायची कुणी, दुर्बीण टाकून घ्यायला जायचं कुणी, एका दिवसाची मजुरी बुडवायची कुणी? त्यापेक्षा गोळी स्वस्त. म्हणून जंतू राहतो, जखम राहते, गोळी राहते.

सगळे गुण्यागोविंदाने राहतात.

दुसरा गुन्हेगार तर आपण खिशात घेऊन फिरतो. ऊसतोडीला गेलेल्याची पाठ, खुरपणाऱ्या बाईची कंबर, अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरपर्यंत चालत आलेल्याचे पाय. डायक्लोफेनॅक घेतल्याशिवाय दुसऱ्या दिवशी उभं राहता येत नाही. दोष त्यांचा नाही. पण आठ दिवसांची गोळी आठ महिने घेताना जठराचं अस्तर सोलवटतंय हे त्यांना सांगितलं कुणी? ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की मिळते. सोबत पित्ताची मिळते. चोर आणि पोलीस एकाच पुडीत.

आणि मेडिकलमध्ये नाव घेऊन मागतात ती ‘डीएसआर’ काय भानगड आहे? पित्ताच्या गोळीत डोम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल. युरोपच्या नियामकांनी २०१४ मध्ये डोम्पेरिडोनबद्दल बजावलं: फक्त मळमळ-उलटीसाठी, शक्यतो आठवड्यापुरतंच, कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आपल्याकडे ‘साधी नको, डीएसआर द्या, ती भारी असते’ असं गिऱ्हाईक स्वतः सांगतं. भारी आहेच.

रॅनिटिडिन आठवते? पॅन्टोप्राझोलच्या आधीची राणी. खेड्यापाड्यात अजून राज्य आहे. १ एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती बाजारातून काढून घ्यायला सांगितली. तारखेवर जाऊ नका, गंभीरपणे सांगितलं होतं. तिच्यात एनडीएमए नावाचं, कर्करोगाचा संशय असलेलं रसायन सापडलं होतं. गोळी जितकी जुनी आणि जितकी गरम जागी ठेवलेली, तितकं ते वाढतं. तिने कर्करोग झालाच, असं सिद्ध झालेलं नाही. भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. विक्री चालूच.

गरम जागी ठेवू नये, असं म्हणतात. पत्र्याचं छप्पर, मे महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा, आत दुपारची लाईट गेलेली. परंड्याच्या दुकानदाराने गोळ्या ठेवायच्या कुठे? माठात?

आणि आता जरा वेगळी गोष्ट. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी. हीसुद्धा जन्माने अल्सरचीच. वेदनाशामकांनी जठराला जखमा होऊ नयेत म्हणून अमेरिकेत १९८८ मध्ये तिला परवानगी मिळाली. खोक्यावर ठळक इशारा: गरोदर बाईने घेऊ नये, गर्भ पडेल. ती आधीच बाजारात आलेल्या ब्राझीलमध्ये गर्भपाताला कायद्याची मनाई. तिथल्या बायकांनी तो इशारा वाचला. इशारा म्हणून नाही, उपयोग म्हणून. पुढे २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मिफेप्रिस्टोनच्या जोडीने ती गर्भपातासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही आज ती कामी येते. अल्सरसाठी तिला आता फारसं कुणी विचारत नाही. दुष्परिणामाने नाव काढलं.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१२ मध्ये गर्भलिंग निदान आणि स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजलं. लगेच राज्याचं अन्न व औषध प्रशासन मेडिकलवाल्यांच्या वह्या तपासायला निघालं. गर्भपाताच्या या गोळ्या कुणाला विकल्या, चिठ्ठी कुठे, बिल कुठे? दुकानदारांनी सोपा मार्ग काढला. गोळ्या ठेवणंच बंद. आता हिशोब करा. सोनोग्राफीत लिंग कळायला बारा आठवडे उलटावे लागतात. या गोळ्या चालतात नवव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे लिंग बघून गर्भ पाडणाऱ्याला यांचा उपयोग नाही, आणि जिला कायद्याने सुरुवातीलाच मोकळं व्हायचंय तिला गोळी मिळत नाही.

मारलं कुणाला, लागलं कुणाला.

त्याच दुकानात, त्याच फळीवर, पॅन्टोप्राझोलच्या स्ट्रिपवरही ‘चिठ्ठीशिवाय विकू नये’ असंच छापलेलं असतं. तिची वही अजून कुणी मागितलेली नाही.

नवरात्र येईल. नऊ दिवसांचा उपवास, म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची आणि तासातासाला चहा. तिसऱ्या माळेला आंबट ढेकर. आई भवानीने असं खायला सांगितल्याचं ऐकिवात नाही. उपवास सोडताना कुंथलगिरीचे पेढे. त्याआधी तंबाखूची चिमूट, ती उपवासाला चालते. राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखाही चालतो. बिडी ओढणाऱ्याचा अल्सर भरायला वेळ लागतो हे डॉक्टर सांगतात. ते सांगेपर्यंत पेशंट बाहेर बिडी ओढायला गेलेला असतो.

एक नंबर देऊन ठेवतो. १८००-१८०-३०२४. फुकट आहे. कुठल्याही औषधाचा दुष्परिणाम झाला तर इथे सर्वसामान्य माणूसही कळवू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची व्यवस्था आहे ही. फॉर्म आहे, तो मराठीतही आहे. आपल्या मेडिकलच्या भिंतीवर हा नंबर बघितल्याचं आठवतं का? तिथे देवीचा फोटो असतो, आणि ‘उधारी बंद’ची पाटी.

तात्यांना फॉर्म भरून द्यायला बसलं की पहिले रकाने पटापट जातात. नाव, वय, त्रास काय होतो. औषध सुरू केल्याची तारीख? थोरलीच्या लग्नाची पत्रिका काढून तीही भरता येईल. शेजारच्या रकान्यात विचारलेलं असतं, औषध बंद केल्याची तारीख.

‘ते डॉक्टरांना विचारून लिहा,’ तात्या म्हणतात.

कुठल्या डॉक्टरांना, तात्या?